सवय न लागणारं औषध

लढाई संपली तेव्हा मी पुण्याच्या एका लष्करी दवाखान्यात नर्सिंग शिपाई होतो. आमच्या उंब्रजकडच्या बहुतेक घरांतून एक तरी माणूस फौजेत असे, आमच्या घरातून दोघे होतो. थोरला भाऊ पलटणीबरोबर इटलीत आणि मी वॉर्डात, बिछाने बदलणारा, सुया उकळणारा, जखमांच्या पट्ट्या सोडणारा. बंदूक मी कवायतीपुरतीच हातात धरली. गावात कुणी चौकशी केली की आई म्हणायची, "थोरला लडतोय, धाकला मलमपट्टी करतोय." ती टोचून बोलत नव्हती. तरी मला ते लागायचं.

पेथिडीन हे नाव मी त्या वॉर्डात ऐकलं. मॉर्फिया सगळ्यांना माहीत होता, तो अफूपासून काढतात हेही माहीत होतं. पेथिडीन मात्र नवं होतं. जर्मनीत कुणी रसायनं एकत्र करून बनवलेलं, अफूचा त्यात कणही नाही, असं सांगत. काचेच्या बोटभर नळीत पाण्यासारखं स्वच्छ दिसायचं. ऑपरेशननंतरच्या वेदना, मुतखड्याची कळ, मोडलेलं हाड, कशालाही देत. सुई दिल्यावर पंधरा मिनिटांत कण्हणाऱ्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या सुटताना मी पाहत असे. आमचे एक कॅप्टन डॉक्टर एकदा म्हणाले होते, "मॉर्फियासारखी याची सवय लागत नाही असं सध्या तरी म्हणतात. पण औषध नवं आहे, जपून वापरा." त्या बोलण्यातला पहिला भाग मी नीट लक्षात ठेवला. दुसरा भाग तिथंच वॉर्डात राहिला.

फौजेतून सुटल्यावर मला सांगलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडरची नोकरी मिळाली. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे, नाडी बघताना डोळे मिटून घेणारे. माझं लष्करातलं काम त्यांना फार मोलाचं वाटायचं. आठवड्याच्या आत त्यांनी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. लष्कराचा उरलेला माल त्या दिवसांत बाजारात येत होता. त्यातले पेथिडीनचे काही खोके डॉक्टरांनी घेऊन ठेवले होते. सगळ्यात वरच्या फळीवर, कापसाच्या पुड्यांमागे.

दादाचा पाय इटलीत सुरुंगावर पडला होता. डावा पाय गुडघ्याच्या खाली चार बोटांवर कापलेला. पुण्याला त्याला लाकडी पाय मिळाला, पण तो त्याला सोसला नाही. कापलेल्या जागी बोरासारखी एक गाठ होती, तिला नुसतं धोतर लागलं तरी तो ओरडायचा. आणि दुसरं एक दुखणं होतं, जे गावात कुणाला समजावून सांगता यायचं नाही. जो पाय इटलीच्या मातीत राहिला, त्याच पायाचा अंगठा दुखायचा. "कुनीतरी पक्कडीत धरून पिळतंय बग," तो म्हणायचा. आई पायाकडे बघायची, अंगठा नाही तिथं बघायची, आणि पदर तोंडाला लावून आत जायची.

मी त्याला सांगलीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाय तपासला, गाठ चाचपली. पुढंमागं मुंबईला नेऊन ती काढावी लागेल म्हणाले. "तोवर फारच असह्य झालं तर पेथिडीन द्या. चार-सहा दिवसांतून एकदा. आणि तुम्हीच द्या, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. दुखणं थांबवणारी वस्तू माणूस मागत राहतो, मग ती कशाची का बनलेली असेना."

"होय डॉक्टर," मी म्हणालो.

पहिली सुई मी घरीच दिली, आमच्या सोप्यात, सकाळी न्याहारीच्या वेळेला. दादा भिंतीला टेकून बसला होता. थोड्या वेळानं त्याचे खांदे खाली आले. त्यानं डोळे उघडले आणि आजूबाजूला असं बघितलं, की जणू घरी तो आत्ताच पोचतोय. मग हसला. फौजेतून आल्यापासून तो हसलेला मी बघितला नव्हता. "गड्या," तो म्हणाला, "काय आनलंयस रं ह्ये?"

आई दारात उभी होती. तिच्या माहेरी एक चुलता अफू खाऊन खाऊन वाळून गेलेला होता. तिनं विचारलं, "ह्यात अफू न्हाई न्हवं?"

"न्हाई गं. ही मशिनीत बनवलेली औशीद हाय. ह्याची सवय लागत न्हाई."

मी हे छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या दिवशी आईनं मला दादाच्या आधी वाढलं. कुणाला क्षुल्लक वाटेल, पण त्या घरात जन्मल्यापासून ते कधी घडलं नव्हतं.

मी पंधरा दिवसांतून एकदा, कधी महिन्यातून एकदा घरी जाऊ शकत होतो. दादाला तेवढ्यानं पुरेना. मग मी एक दिवस वहिनीला बोलावलं.

वहिनी कवठे महांकाळकडची. तिकडच्या कोरड्या रानातली, बाजरी-मटकीवर वाढलेली, बारीक अंगाची आणि फार चपळ. अक्षरं तिला थोडी येत होती. नवरा लढाईवर गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या ओरडण्यानं दचकून उठायची तिला सवय करावी लागली. ती बोलायची कमी. मी परसातलं एक वांगं तोडून आणलं आणि सुई कशी धरायची, कशी तिरपी न करता सरळ घालायची, काचेच्या नळीची मान छोट्या कानशीनं घासून कशी मोडायची, ते तिला दाखवलं. पिचकारी वेगळ्या पितळेच्या भांड्यात उकळायची, स्पिरिट लावायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं.

तिनं चार वांग्यांवर हात बसवला. मग विचारलं, "भावजी, दाक्तरांनी सांगितलंय व्हय असं मला द्यायला?"

"व्हय," मी म्हणालो.

तेवढा एक शब्द. पुढं जे झालं त्यातलं सगळं मी नकळत केलं असं म्हणता आलं असतं. हा शब्द सोडून.

कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी सुरुवातीला सहा नळ्या नेल्या, मग बारा. डॉक्टर वरच्या फळीकडे बघत नसत, त्यांचा माझ्यावर भरवसा होता. आणि मी स्वतःला सांगत होतो, दुखणाऱ्या माणसासाठी आणलेलं औषध दुखणाऱ्या माणसालाच मिळतंय.

चार-पाच महिन्यांनी एकदा घरी गेलो तर वहिनी मला गाठण्यासाठी विहिरीकडच्या वाटेवर थांबली होती. डोक्यावर घागर तशीच.

"भावजी, आदी चार दिसांनी लागायची. मग रोज. आता सकाळी एक, दुपारी एक, दिवस मावळायला एक. मागच्या वक्ताला तुमी दिल्याल्या आट दिसात सपल्या. मग चार दिस त्यांचं काय झालं ठावं हाय का? नाकाडोळ्यांतनं पानी, जांभया, अंगावर काटा, पोट बिगडल्यालं. आन तुमी म्हनला हुता सवय न्हाई."

मला त्याच वेळी कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच. वॉर्डात मॉर्फिया तोडलेली माणसं मी पाहिली होती, ती अशीच जांभया देत. पण मी म्हणालो, "दुखनं वाढलंय वयनी. म्हनून जास्ती लागतंय."

"म्या दोन नळ्या दडवून ठिवल्या हुत्या. त्यांनी कुबडी फेकून मारली." तिनं मान वळवली, कानामागं काळंनिळं होतं. "मारल्याचं काय वाटत न्हाई हो. पर त्ये असं कवा करत नव्हतं."

मी घरात गेलो. दादा खाटेवर होता. माझ्या पिशवीकडे त्याची नजर आधी गेली, माझ्याकडे नंतर. तोंड कोरडं, ओठांना चिरा, दोन्ही मांड्यांवर सुयांच्या जागी लाकडासारख्या गाठी. मी ठरवून आलो होतो की या वेळी कमी द्यायच्या. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "तूच एक हाईस बग माजा." मी सगळ्या काढून दिल्या. पुढच्या खेपेला दुप्पट आणल्या.

त्या हिवाळ्यात आमचं गुऱ्हाळ लागलं. चरकाला दोन बैल, चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची ती पसरट मोठी लोखंडी कढई. दादाला आता शेतातलं दुसरं काही होत नव्हतं, पण काहिलीजवळ फळीवर बसून उकळत्या रसावरची मळी तो झाऱ्यानं काढायचा. हे काम त्याला आवडायचं. माणसांत बसायला मिळायचं. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. सकाळी दहाचा सुमार असेल. मी थोड्या अंतरावर चिपाडं सारत होतो. वहिनी भाकऱ्यांची पाटी घेऊन बांधावरून येताना दिसली.

दादाचा झारा खाली पडला. मला वाटलं हातातून सुटला. मग त्याचा खांदा उडाला, एकदा, दोनदा, पापण्या फडफडू लागल्या, मान मागं ताणली गेली आणि सगळं अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. तो फळीवरून काहिलीकडे कलला. मी ओरडलो, पण जागचा हललो नाही. वहिनीनं पाटी टाकली, तीन ढांगांत तिथं पोचली आणि त्याच्या सदऱ्याला धरून त्याला मागं ओढला. ओढताना तिचा पाय घसरला आणि तोल सावरायला पुढं गेलेला डावा हात कोपरापर्यंत रसात बुडाला.

रस अर्धा आटलेला होता. पाण्यानं भाजतं तसं ते भाजणं नसतं. रस कातडीला चिकटतो आणि भाजतच राहतो.

माणसं धावली. दादाला बाजूला घेतलं, त्याचे झटके थांबले, तोंडाला फेस होता. आई घरून पळत आली. "फेपरं आलं, बाहेरचं लागलं," कुणी काय, कुणी काय. मला मात्र समजलं होतं. आदल्या दिवशी मी आणलेल्या नळ्यांतल्या निम्म्या त्या सकाळपर्यंत रिकाम्या झाल्या होत्या, हे मी सोप्याच्या कोनाड्यात सकाळीच बघितलं होतं. हे औषध भरमसाट झालं की स्नायू उडायला लागतात, पुढं झटके येतात, असं वॉर्डात एकदा माझ्या कानावर आलं होतं.

मी वहिनीच्या हातावर गार पाणी ओतत होतो. ती ओरडत नव्हती, दात आवळून थरथरत होती. मला दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, "वयनी, थांबा, एक सुई देतो, दुखायचं थांबंल."

तिनं हात काढून घेतला. "मला ती सुई नगं."

"एकाच सुईनं काय व्हत न्हाई. खरंच. आत्ता द्यायला पायजे."

"नगं म्हनलं न्हवं?"

आणि ते औषध तिला त्या वेळी खरोखर द्यायला हवं होतं. ज्या कामासाठी ते बनवलं, ते काम नेमकं समोर होतं. भाजलेलं कोवळं माणूस, ताजी वेदना, एक-दोन सुया, मग बंद. पण माझ्या हातून ते घ्यावं असं तिला वाटेल कसं? उंब्रजला नेऊन पट्टी बांधून आणेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

दुपारी घरी आईनं सगळं उकरलं. कोनाड्यातल्या रिकाम्या काचा तिनं पदरात गोळा करून आणल्या आणि सोप्यात ओतल्या. चुलत घरची दोन वडीलधारी माणसं बसली होती. दादा खाटेवर गुंगीत होता. वहिनी दाराआड उभी, हात गळ्यात बांधलेला.

"ह्या सुया कुनी टोचल्या?" आईनं विचारलं.

"म्या," वहिनी म्हणाली.

"दिसातनं किती?"

"मागत्याल तेवड्या."

"मागत्याल तेवड्या! आन तू देत गेलीस? पायानं अदू झालाच हुता, आता फेपरं लावलंस माज्या लेकाला? दाक्तर काय असं म्हनला हुता व्हय, टोच म्हनून जनावरावानी?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आता हा सांगेल, एवढाच विश्वास त्या बघण्यात होता. मी तिला पढवलं होतं, मी आणून देत होतो, डॉक्टरांनी सांगितलंय असं मीच म्हणालो होतो. दोन वाक्यं बोलायची होती. मला डॉक्टर आठवले, कपाट आठवलं, नोकरी, आणि आईनं वाढलेलं ते पहिलं ताट. मी खाली पडलेल्या काचा गोळा करायला लागलो, कुणाच्या पायात जातील म्हणून.

वहिनीही काही बोलली नाही. ती का बोलली नाही, हे मला आजवर नीट सांगता येणार नाही. कदाचित दिराला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, असं तिला घरून शिकवलेलं असेल. कदाचित माझ्या तोंडूनच ते निघायला हवं, असं तिला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पोचवायचं ठरलं. हात बरा होईस्तोवर, असं सांगायला. सगळ्यांना माहीत होतं की तेवढ्यापुरतं ते नाही. ती गेली तेव्हा मी सोप्यातच बसलो होतो.

त्याच आठवड्यात मी दादाला सांगलीला नेलं. त्याला सर्व्हिस मोटारीतून कऱ्हाडला, तिथून गाडीनं मिरजेला, मग सांगलीला, असा नेता नेता माझा जीव मेटाकुटीला आला. डॉक्टरांनी त्याच्या मांड्यांवरून हात फिरवला, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या.

"किती घेत होते?"

"वहिनी द्यायची. तिनं नक्की किती दिलं, मला सांगता येणार नाही."

खोटं बोलताना माझी भाषा अधिकच शुद्ध झाली होती, हे मलाही जाणवलं.

डॉक्टरांनी धोतर दादाच्या मांडीवर नीट ओढलं. "आणि वहिनीला कुणी दिलं?"

माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"किल्ली टेबलावर ठेवा," ते म्हणाले. मी ठेवली. मला वाटलं, आता घरी जा म्हणतील. ते म्हणाले, "ही किल्ली मी तुमच्या हातात दिली आणि पुन्हा फळीकडे पाहिलं नाही. तेव्हा चूक माझीसुद्धा आहे. पण तिच्या नावावर घालू नका." मग सुईत औषध भरताना सांगितलं, "एकदम तोडायचं नाही. फार हाल होतील, आणि आधीच झटके येऊन गेलेत. रोज थोडं थोडं उतरवू. तुम्ही शेजारी बसायचं."

तीन आठवडे लागले. दवाखान्यामागच्या खोलीत मी दादाशेजारी बसलो. त्याला घाम सुटायचा, पाय आखडायचे, असलेला आणि नसलेला दोन्ही. मला शिव्या द्यायचा. नंतर रडायचा आणि हात जोडायचा, ते मला शिव्यांपेक्षा जड जायचं. थोरला भाऊ हात जोडतोय हे बघवत नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन स्वतःच्या हातानं सुई द्यायचे, दर दोन-तीन दिवसांनी थोडी कमी. दुखण्याला ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याचं डोकं जरा ठिकाणावर होतं. पेज पिऊन झाल्यावर म्हणाला, "तिनं मला दोनदा सांगितलं हुतं, बास करा म्हनून. दुसऱ्यांदा म्या कुबडी मारली."

"मला ठावं हाय."

"तिला घालवली न्हवं? आन तवा तू हुतास तितं."

"हुतो."

"म्या गुंगीत हुतो. तू तर शुद्धीवर हुतास की रं."

तो एवढंच म्हणाला आणि कुशीवर वळला.

तिसरा आठवडा सरत आला तेव्हा डॉक्टरांना सांगून मी मिरजेहून छोटी गाडी धरून कवठे महांकाळला गेलो. डब्यात बसल्या बसल्या काय बोलायचं ते जुळवत होतो. स्टेशनपासून तिच्या घरापर्यंत चालत जाताना ते सगळं विसरलो. तिचे वडील अंगणात दोर वळत होते. मला बघून उठले, लोटाभर पाणी दिलं, गूळ दिला. "जावायबापूंचं कसं हाय?" हाच पहिला प्रश्न. पोरीचा हात भाजला, पोर परत पाठवली, त्याबद्दल शब्द नाही. मी पाणी प्यालो.

वहिनी ओसरीवर मटकी निवडत होती, एका हातानं. डावा हात मांडीवर. पट्टी सुटलेली होती, कातडी गुलाबी आणि ताणलेली, शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली.

तिचे वडील म्हणाले, "तुमी दवाखान्यातलं मानूस. ही बोटं सुटतीला का?"

मी पुढं झालो. तिनं हात पदराखाली घेतला. "लांबनंच सांगा."

मी लांबूनच सांगितलं. तेल लावून रोज बोटं ताणायची, दुखलं तरी. खरं तर पहिल्याच दिवशी बोटं सरळ पट्टीला बांधून ठेवायला हवी होती आणि हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी काचा गोळा करत होतो.

वडील वैरण टाकायला गेले. मी म्हणालो, "वयनी, चूक माजी हुती. दाक्तरांनी तुमच्या हाती देऊ नगा म्हनून सांगितलं हुतं. म्या तुमाला खोटं बोललो. आन आईपुढं गप बसलो."

ती मटकीतले खडे वेचत राहिली. "ह्ये सांगायला हितवर आलासा?"

"व्हय."

"मला काय सांगताय? मला न्हाई ठावं व्हय? वांग्यात सुई टोचायला कुनी शिकवलं मला?" तिनं प्रथमच मान वर केली. "आत्याबाईस्नी सांगितलासा?"

"न्हाई."

"मग उलट्या गाडीनं जावा."

वडिलांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वहिनीनंच वाढलं, उजव्या हातानं. ताटात सगळं होतं, काही कमी नव्हतं.

मी सांगलीला न थांबता गावी गेलो. आई परसात शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले होते, किल्ली, विहिरीची वाट, वहिनीनं विचारलेला प्रश्न आणि माझा तो एक शब्द. ती शेंगा फोडत होती. मध्येच हात थांबला.

"ती गाडीत बसली तवा तू हितंच हुतास की."

"व्हय."

"आन मी तिला काय काय बोलले." तिनं हातातली शेंग खाली टाकली. मग म्हणाली, "तू शिकल्याला हाईस म्हनून म्या तुजं ऐकलं. मी इचारलं हुतं तुला अफूचं. दारात हुबं ऱ्हाऊन इचारलं हुतं."

तिनं मला मारलं असतं, हाकललं असतं, तर हलकं वाटलं असतं. ती उठली आणि शेंगांची टरफलं गोठ्यात टाकायला गेली.

दादा बरा होऊन आल्यावर आई आणि तो दोघं कवठे महांकाळला गेले. मी येतो म्हणालो, तर आई म्हणाली, "तू नगंस." तिथं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पाडव्याच्या आठ दिवस अलीकडे वहिनी परत आली. आई स्वतः पुढं होऊन तिच्या हातातलं गाठोडं घ्यायला गेली होती, एवढं शेजारच्यांकडून कळलं.

दादाची गाठ पुढं मुंबईला काढली. दुखणं निम्मं कमी झालं, निम्मं राहिलं. नसलेला अंगठा दुखतच राहिला. ऑपरेशननंतर तिथल्या डॉक्टरांनी त्याला दोन दिवस पेथिडीन दिलं, आधी सगळं विचारून, मोजून, आणि तिसऱ्या दिवशी बंद केलं. ते व्यवस्थित पार पडलं. त्या वेळी दादाजवळ वहिनी बसली होती. सुई कुणी, किती वाजता दिली, ते ती नर्सला दर खेपेला विचारून घेत होती म्हणे.

सांगलीच्या डॉक्टरांनी मला काढलं नाही. पण किल्ली पुन्हा माझ्याकडे आली नाही आणि मी मागितली नाही. मिश्रणं करायची, पुड्या बांधायच्या, केस पेपर लावायचे. वरच्या फळीवरचं काही लागलं की मी हाक मारायचो आणि ते येऊन स्वतः काढून द्यायचे.

वहिनीची दोन बोटं सुटली नाहीत. भाकरी ती तळहाताच्या कडेनं थापायला शिकली. माझ्याशी ती बोलायची, भावजी म्हणायची, सणाला आलो की वाढायची. तापाची साधी गोळी मात्र माझ्याकडून तिनं कधी घेतली नाही, त्यासाठी उंब्रजपर्यंत चालत जायची. एका बेंदराला, बैलांच्या सणाला, मी तिला गोठ्याशी गाठून म्हणालो, "वयनी, माज्यावरचा राग गेला का न्हाई, तेवढं तरी सांगा."

ती बैलाच्या शिंगांना तांबडा हिंगूळ लावत होती. तिनं हाताखालचं शिंग पुरं केलं.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "सरका जरा, त्या अंगाचं शिंग ऱ्हायलंय."

मी सरकलो.